‘ळ’ ओळखणारे यंत्र

(संगणक अक्षरे ओळखायला कसा शिकतो, याची माहिती या पाठात दिली आहे. पाठ वाचताना जवळ एक जाड पुठ्ठा, कात्री आणि मूठभर चिंचोके ठेवा. चिंचोके म्हणजे चिंचेच्या बिया.)

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल गाडी देहूरोड मागे टाकते आणि थोड्याच वेळात मावळ तालुका लागतो. पावसाळ्यात खिडकीबाहेर भाताची खाचरे दिसतात, दूर लोहगड-विसापूरचे किल्ले ढगांत बुडालेले असतात. फलाटावरच्या पिवळ्या पाट्या एकामागून एक येतात : तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि शेवटी लोणावळा. या सहा नावांपैकी तीन नावांत एक अक्षर सारखे आहे. तालुक्याच्या नावातही ते आहे आणि पुढच्या खंडाळ्याच्या घाटातही आहे. ते अक्षर म्हणजे ‘ळ’.

विद्यार्थी मित्रांनो, या अक्षराने तुम्हांला पहिल्यांदा नक्कीच छळले असेल. उर्दूत ‘लाम’ आहे, पण ‘ळ’साठी वेगळा हर्फ नाही. म्हणून पुष्कळांच्या तोंडी ‘लोनावला’ आणि ‘तलेगाव’ येते. मराठीत मात्र या फरकाने शब्दच बदलतो. ‘मूल’ म्हणजे बच्चा आणि ‘मूळ’ म्हणजे झाडाची जड. ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस आणि ‘काळ’ म्हणजे ज़माना.

मग तुम्ही ‘ळ’ कसा शिकलात? जीभ किती मागे वळवायची, टाळूला कुठे लावायची, असा नियम कोणी मोजून दिला नव्हता. तुम्ही ऐकले, म्हणून पाहिले, चुकलात. बाईंनी किंवा सरांनी दुरुस्त केले. पुन्हा म्हटले, पुन्हा थोडे चुकले. असे करता करता एक दिवस ‘बाळ’ हा शब्द बरोबर आला. लिहिण्याचेही तसेच. लहान भावंडाला ‘बे’ आणि ‘पे’ शिकवताना खाली एक नुक्ता की तीन, हे किती वेळा दाखवावे लागते, ते आठवा.

आज संगणकही याच मार्गाने शिकतो. संगणकाने माणसासारखे ओळखावे, अंदाज करावा, भाषा वापरावी यासाठी जे शास्त्र आहे त्याला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला ‘मसनूई ज़हानत’ म्हणाल. त्यातली आज सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे न्यूरल नेटवर्क, अर्थात मज्जापेशींच्या नमुन्यावर रचलेले जाळे.

पूर्वी संगणकाला सगळे नियमाने सांगावे लागे : ‘असे असेल तर तसे कर.’ हिशेबाला हे छान चालते. पण ‘ळ’चा नियम लिहून पाहा. ज्या मैत्रिणीने ‘ळ’ कधी पाहिलेला नाही, तिला फोनवरून सांगा, “वर एक रेघ काढ, मधोमध छोटी दांडी सोड, तिच्या दोन बाजूंना दोन गोल काढ.” ती बहुधा चष्मा काढील! शिवाय कोणी गोल मोठे काढतो, कोणी चपटे, कोणी शिरोरेषाच विसरतो. किती नियम लिहिणार? कार्ल्याच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतील लेख खडकात कोरलेले आहेत. अक्षरे स्वच्छ दिसतात, पण आपल्याला त्या नुसत्या रेघा वाटतात. आपले डोळे चांगले आहेत; नमुने पाहिलेले नाहीत, एवढेच.

आपल्या मेंदूत अब्जावधी मज्जापेशी असतात. एक पेशी अनेक पेशींकडून खुणा घेते. त्या पुरेशा झाल्या की ती पुढच्या पेशीला खूण देते. नाहीतर गप्प राहते. १९४३ साली अमेरिकेत वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी ही गोष्ट गणिताच्या रूपात मांडली. पुढे १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट या मानसशास्त्रज्ञाने ‘पर्सेप्ट्रॉन’ नावाचे जाळे जाहीर केले. त्याच्या यंत्राला प्रकाश जाणणारे ४०० छोटे डोळे होते, वीस रांगांत वीस-वीस. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी जशी फिरती कळ असते, तशा कळा त्यात बसवल्या होत्या आणि विजेच्या मोटारी त्या आपोआप फिरवत. यंत्र चुकले की कळा थोड्या फिरत. वर्तमानपत्रांना इतका आनंद झाला की, हे यंत्र पुढे चालेल, बोलेल असेही छापून आले. ते काही झाले नाही. पण कळा फिरवून शिकण्याची कल्पना खरी ठरली.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० या वर्षापासून नववीच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा कौशल्यविषय सुरू केला. तुमच्या शाळेत संगणक नसला किंवा एकच असला, तरी अडून राहायला नको. रोझेनब्लॅटचे यंत्र आपण चिंचोक्यांचे करू.

एका मोठ्या कागदावर ‘ळ’ काढा. तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या कागदावर उभ्या दंडाचा ‘ल’ काढा. आता त्याच मापाच्या पुठ्ठ्याला तीन भोके पाडा. पहिले भोक शिरोरेषेच्या खाली अगदी मधोमध. ‘ळ’ची छोटी दांडी तिथे येते. दुसरे भोक डावीकडे मध्यावर. तिथे ‘ळ’चा डावा गोलही येतो आणि ‘ल’चा डावा बाकही येतो. तिसरे भोक उजवीकडे तळाला. तिथे ‘ल’चा दंड संपतो. प्रत्येक भोकापाशी एक मुलगा किंवा मुलगी बसेल. प्रत्येकाने फक्त आपल्या भोकातून पाहायचे. अक्षर कोणते, हे त्यांना सांगायचे नाही.

प्रत्येकाला एक-एक चिंचोका द्या. भोकात शाई दिसली, तर आपल्याजवळचे सगळे चिंचोके वाटीत मोजून दाखवायचे आणि परत घ्यायचे. शाई दिसली नाही, तर गप्प बसायचे. वाटीपाशी चौथा मुलगा बसेल. बेरीज दोन किंवा अधिक आली तर तो “ळ” म्हणेल, कमी आली तर “ल” म्हणेल. गुरुजी फक्त चूक की बरोबर, एवढेच सांगतील.

पहिल्यांदा ‘ळ’ दाखवा. पहिल्या आणि दुसऱ्या भोकात शाई आहे. एक अधिक एक, दोन. वाटीवाला म्हणतो “ळ”. बरोबर! आता ‘ल’ दाखवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकात शाई आहे. पुन्हा बेरीज दोन. वाटीवाला पुन्हा “ळ” म्हणतो. चूक! आता दुरुस्ती. उगाच बेरीज वाढली, म्हणून ज्यांनी चिंचोके टाकले त्या दोघांचा एक-एक चिंचोका काढून घ्या. दुसऱ्याजवळ आणि तिसऱ्याजवळ काहीच उरले नाही. पहिल्याजवळ एक आहे.

पुन्हा ‘ळ’ दाखवा. पहिल्याचा एक, दुसऱ्याचे शून्य. बेरीज एक. वाटीवाला म्हणतो “ल”. पुन्हा चूक! पण या वेळी बेरीज कमी पडली. म्हणून ज्यांना शाई दिसली त्यांना एक-एक चिंचोका वाढवून द्या. आता पहिल्याजवळ दोन, दुसऱ्याजवळ एक, तिसऱ्याजवळ शून्य. ‘ळ’ दाखवा : दोन अधिक एक, तीन. बरोबर. ‘ल’ दाखवा : एक अधिक शून्य, एक. तेही बरोबर!

काय झाले ते पाहा. पहिले भोक महत्त्वाचे आहे, असे कोणी सांगितले नव्हते. दोनच चुका झाल्या आणि दोनच दुरुस्त्या झाल्या. त्यांतून सर्वांत जास्त चिंचोके आपोआप पहिल्या भोकापाशी गेले. जे यंत्र शिकले ते कुणाच्या डोक्यात नाही. ते चिंचोक्यांच्या वाटणीत आहे. शास्त्रज्ञ या चिंचोक्यांना ‘भार’ म्हणतात. मोठ्या जाळ्यांत असे कोट्यवधी, अब्जावधी भार असतात, आणि ‘शिकणे’ म्हणजे ते थोडे थोडे बदलणे.

आता खरी गंमत. आपल्या आजीचे किंवा एखाद्या जुन्या मराठी पाटीवरचे ‘ल’ नीट बघा. उभ्या दंडाऐवजी मधोमध छोटी दांडी आणि दोन बाजूंना फुलाच्या दोन पाकळ्या, असा तो असतो. त्याला ‘पाकळीचा ल’ म्हणतात. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात हाच ‘ल’ धरला आहे. हा पाकळीचा ‘ल’ आपल्या पुठ्ठ्याखाली ठेवा. पहिल्या भोकात दांडी दिसते, दुसऱ्यात डावी पाकळी. तिसऱ्यात काही नाही. बेरीज तीन! वाटीवाला छाती पुढे काढून म्हणतो, “ळ!”

यात दोष कोणाचा? आजीचे अक्षर तर शुद्ध आहे. यंत्राला फक्त दंडाचा ‘ल’ दाखवला होता, म्हणून ते चुकले. मग पुन्हा शिकवूया, असे तुम्ही म्हणाल. शिकवून पाहा. या तीन भोकांतून ‘ळ’ आणि पाकळीचा ‘ल’ अगदी सारखे दिसतात. चिंचोके कितीही बदला, दोघांची बेरीज सारखीच येणार. इथे मेहनत कामाची नाही, चौथे भोक हवे. ‘ळ’चा उजवा गोल आत वळून जिथे मिटतो, तिथे ते पाडा. पाकळी तिथे मिटत नाही. म्हणूनच खऱ्या यंत्रांना भरपूर भोके असतात. अक्षराच्या छोट्या चित्राचे ३२ रांगांत ३२ असे चौकोन पाडले, तर १,०२४ भोके होतात.

आणखी एक अडचण मोठी होती. दोन भोके घ्या आणि यंत्राला सांगा, “दोघांपैकी नेमक्या एकाच भोकात शाई असेल तर ‘हो’ म्हण. दोन्हींत असेल तर ‘नाही’ म्हण.” एकेकट्याची बेरीज पुरेशी व्हायला हवी, मग दोघांची मिळून ती कमी कशी होणार? चिंचोके लावून बघा, जमणार नाही. १९६९ साली मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी एका पुस्तकात ही मर्यादा दाखवून दिली, आणि बऱ्याच जणांचा या यंत्रांवरचा विश्वास उडाला.

उपाय होता : भोकांपाशी बसलेल्यांची रांग आणि वाटीवाला यांच्यामध्ये आणखी एक रांग बसवायची. पण मग चूक झाली तर मधल्या रांगेतल्या कोणाचे चिंचोके बदलायचे? त्यांचे उत्तर काय असायला हवे होते, हे कुणालाच माहीत नाही. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी ही वाट रूढ केली. चूक शेवटून मागे मागे वाटत यायची. वाटीवाला मधल्या प्रत्येकाला जणू विचारतो, “माझ्या चुकीत तुझा वाटा किती?” ज्याच्या शब्दाला त्याने जास्त वजन दिले होते, त्याचा वाटा मोठा. तो मधला मग आपल्या मागच्यांना तेच विचारतो. या कामातील जेफ्री हिंटन यांना २०२४ साली जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८९ साली यान लेकन आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा जाळ्याला पाकिटांवरचे हस्तलिखित आकडे वाचायला शिकवले. आज असे वाचन जागोजागी चालते. मावळातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ सालापासून गाड्यांचे क्रमांक टिपणारे कॅमेरे लागले आहेत. (काही हौशी लोक ४१४१ हा क्रमांक असा वळवून लिहितात की, तो ‘दादा’ दिसतो. कॅमेऱ्यापुढे ही दादागिरी कितपत चालते, कोण जाणे!)

आकडे शिकवण्याच्या या कामातली एक गोष्ट तुमच्या वयाच्या मुलांशी संबंधित आहे. अमेरिकेत हस्तलिखित आकड्यांचे दोन गठ्ठे होते. एक जनगणनेच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला. अक्षर नेटके, सुवाच्य. दुसरा माध्यमिक शाळेच्या मुलांनी लिहिलेला. तो कसा असेल ते तुम्ही जाणता! आधी ठरले होते की, नेटक्या गठ्ठ्यावर यंत्राला शिकवायचे आणि मुलांच्या गठ्ठ्यावर परीक्षा घ्यायची. पण हे न्याय्य नव्हते. जे कधी दाखवलेच नाही, त्यावर परीक्षा कशी घेणार? म्हणून लेकन यांच्या गटाने दोन्ही गठ्ठे मिसळले. शिकवण्यासाठी ६०,००० नमुने ठेवले, त्यांत निम्मे मुलांचे. आणखी १०,००० नमुने परीक्षेसाठी बाजूला ठेवले. जगभरचे विद्यार्थी न्यूरल नेटवर्कचा पहिला धडा आजही या आकड्यांवर गिरवतात.

मग देवनागरीचे काय? २०१५ साली नेपाळमधील संशोधकांनी हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा एक मोठा संग्रह तयार करून सर्वांसाठी खुला केला. त्यात ९२,००० चित्रे आहेत. दहा अंक आणि छत्तीस अक्षरे, असे एकूण ४६ प्रकार. प्रत्येकाचे २,००० नमुने. त्यांपैकी १,७०० शिकवण्यासाठी आणि ३०० परीक्षेसाठी. काम फार चोख आहे. आपल्याकडचे अनेक विद्यार्थीही देवनागरीचे यंत्र शिकवताना हाच संग्रह घेतात.

त्यातली छत्तीस अक्षरे म्हणजे ‘क’पासून ‘ह’पर्यंतची तेहेतीस, आणि क्ष, त्र, ज्ञ. नेपाळी भाषेला ‘ळ’ लागत नाही. त्यामुळे या संग्रहात ‘ळ’ नाही.

अशा यंत्रापुढे आता हाताने ‘मावळ’ लिहून ठेवा. ‘म’ ओळखेल, ‘व’ ओळखेल. ‘ळ’पाशी आल्यावर ते थांबून “हे मी पाहिलेले नाही” असे म्हणेल काय? नाही. त्याच्याजवळ ४६ खण आहेत आणि प्रत्येक चित्र कोणत्या तरी खणात टाकायचे, एवढेच त्याला ठाऊक आहे. ते ‘ळ’ला दुसऱ्याच एखाद्या खणात टाकील, आणि तेही खात्रीने. आपल्या वाटीवाल्याला ‘क’ दाखवला असता, तरी तो “ळ” किंवा “ल” यांपैकीच काहीतरी म्हणाला असता. मग यंत्राच्या दफ्तरात मावळही नाही, तळेगावही नाही, लोणावळाही नाही. तिथे राहणाऱ्याचा पत्ता लिहिलेला अर्ज भलत्याच गावाच्या नावाने नोंदला जाईल.

नेपाळच्या संशोधकांनी यात काही चूक केली नाही. त्यांनी आपल्या भाषेचे काम केले. मराठी लिखाण वाचणारी यंत्रे आज आहेत आणि ती ‘ळ’ ओळखतात, कारण कुणीतरी त्यांना मराठी नमुने दाखवले. उर्दूचे काम याहून अवघड आहे. नस्तालीकमध्ये एकच हर्फ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा दिसतो; अक्षरे तिरकी उतरतात, एकमेकांवर झुकतात, आणि नुक्ता कधी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. तुमच्या घरातली उर्दू यंत्राने वाचावी असे वाटत असेल, तर तुमच्या घरातल्यांसारखे लिहिणाऱ्यांचे नमुने त्याच्यापुढे जायला हवेत.

वर्गाने ‘ळ’चा संग्रह करून पाहावा. सारख्या मापाचे चौकोन आखून प्रत्येकाने दहा वेळा ‘ळ’ लिहावा. वर्गात चाळीस जण असतील तर चारशे होतील. डावखुऱ्या मुलांना डाव्या हातानेच लिहू द्या. काहींनी शाईच्या, काहींनी बॉल पेनने लिहावे. घरी आईला, अब्बांना, दादीला, शेजारच्या काकूंना लिहायला सांगा. ज्यांना ‘ळ’ येत नसेल त्यांना तो दाखवा आणि त्यांनी पहिल्यांदा काढलेला ‘ळ’ही घ्या. चारशेंपैकी साठ कागद पाकिटात बंद करून ठेवा, ते परीक्षेसाठी. आणि कुणाचे अक्षर वेडेवाकडे आले, म्हणून तो कागद फाडू नका. चार भोकांच्या पुठ्ठ्याखाली सर्वांत आधी तोच ठेवा.

स्वाध्याय

१. उर्दू बोलणाऱ्या मुलांना ‘ळ’ अवघड का जातो? यंत्राला तो अवघड का गेला? दोन्ही कारणांत सारखे काय आहे?
२. पाठातील खेळात दुसऱ्या दुरुस्तीनंतर कोणाजवळ किती चिंचोके होते? तिसऱ्याजवळ एकही का उरला नाही?
३. पाकळीचा ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील फरक तीन भोकांच्या यंत्राला का कळत नाही, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. खालील जोड्यांतील शब्द मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा : मूल–मूळ, काल–काळ, बाल–बाळ.
५. ‘बे’, ‘पे’ आणि ‘ते’ ही तीन अक्षरे ओळखणारे पुठ्ठ्याचे यंत्र करायचे आहे. भोके कुठे कुठे पाडाल? वाटीवाल्याला तीन उत्तरे द्यावी लागतील, मग वाट्या किती लागतील?